लखनौची थकबाकी

नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या वीज महामंडळाने वाराणसीची पूर्वांचल आणि आग्र्याची दक्षिणांचल या दोन वितरण कंपन्यांत खासगी भागीदार आणायचं ठरवलं आणि लखनौच्या अशोक मार्गावर, शक्ती भवनासमोर, पुन्हा घोषणा घुमू लागल्या. पुढच्याच फेब्रुवारीत त्याच सरकारने आठ लाख आठ हजार कोटींचा अर्थसंकल्प मांडला. इतिहासातला सर्वांत मोठा, असं बाकं वाजवून सांगितलं गेलं. दोन्ही बातम्या मी पुण्यात बसून वाचल्या आणि डोकं भणाणलं. तिजोरी एवढी भरलेली असेल तर घरातली भांडी बाजारात कशाला?

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या चाळीस वर्षांचा हिशोब मी उगाळत बसणार नाही. मुख्यमंत्री दिल्लीत ठरत आणि तूटही दिल्लीच्याच मदतीने निभावून नेली जाई. सरकारने सिमेंट काढलं, सूत काढलं, लखनौत अपट्रॉन नावाचे टीव्हीसुद्धा काढले. टीव्ही बरे होते. कंपनी टिकली नाही.

मी तिथे पोचलो १९९५ मध्ये, एका सरकारी बँकेच्या बदलीवर, आणि दहा वर्षं राहिलो. राज्य कफल्लक होताना काउंटरच्या आतल्या बाजूने पाहायला मिळालं. पाचवा वेतन आयोग लागू झाला तेव्हा सगळं शहर खूश होतं. लखनौ हे बाबूंचं गाव. हजरतगंजच्या साडीवाल्यापासून अमीनाबादच्या हलवायापर्यंत सगळ्यांची दिवाळी सचिवालयाच्या पगारावर. पण तो वाढीव पगार द्यायचा कुठून, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९९७ मध्ये, कल्याणसिंहांनी सरकार टिकवण्यासाठी त्र्याण्णव जणांचं मंत्रिमंडळ केलं. त्र्याण्णव! प्रत्येकाला बंगला, गाडी, कर्मचारी, लाल दिवा. फेब्रुवारी १९९८ मध्ये जगदंबिका पाल यांची एका दिवसाच्या मुख्यमंत्रिपदाची करमणूकही झाली. लोक हसले. बिल कोणाच्या नावावर फाटतंय हे त्या हसण्यात विसरलं गेलं.

राज्य सरकार दिवाळखोर झालं तरी दुकानासारखं कुलूप लागत नाही. आधी रिझर्व्ह बँकेची उचल संपते, मग ओव्हरड्राफ्ट सुरू होतो. तो ठरलेल्या दिवसांपलीकडे गेला की सरकारची देणी थांबवता येतात. तशी वेळ येऊ नये म्हणून ठेकेदाराची बिलं दाबायची, महामंडळांचं अनुदान अडवायचं आणि मार्चअखेर कोषागारात आलेली फाइल ‘आपत्ती’ काढून परत पाठवायची. आपत्ती म्हणजे तिथल्या बाबूचा आक्षेप. महामंडळांतली माणसं आमच्याकडे येत, ती पगार जमा झाला का विचारायला. उत्तर त्यांना माहीत असे. तरी पासबुक भरून घेत.

तिजोरीला सर्वांत मोठं भोक विजेचं होतं. आपल्याकडे आकडा टाकतात, तिकडे ‘कटिया’ मारतात. निम्म्या मोहल्ल्यांत ती उघड लटकलेली, शेतातल्या पंपांना मीटर नाही आणि सरकारी खात्यांचीच बिलं वर्षानुवर्षं थकलेली. तयार झालेल्या विजेतली चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटेतच जायची. वाटेत म्हणजे कुठे, हे प्रत्येक लाइनमनला, आमदाराला आणि कारखानदाराला ठाऊक होतं. कर्मचारी संघटनांच्या नेत्यांनाही ठाऊक होतं. ते मात्र त्यावर कधी मोर्चा काढत नसत. हे त्यांना मी तेव्हाही ऐकवलं होतं.

१४ जानेवारी २००० ला रामप्रकाश गुप्तांच्या सरकारने वीज मंडळाचे तीन तुकडे केले आणि कर्मचारी संपावर गेले. उत्तरेतला तो जानेवारी, दुपारपर्यंत न उठणारं धुकं आणि ‘बत्ती गुल’. पंप बंद म्हणून नळ कोरडे, हातपंपावर बादल्यांची रांग. हजारो कर्मचाऱ्यांना तुरुंगात टाकलं. संप दहा-अकरा दिवस चालला. शेजारी राहणारा एक ज्युनिअर इंजिनिअर त्या दिवसांत घरी झोपायला येत नसे. त्याची म्हातारी आई आमच्याकडे रॉकेल मागायला आली की मला म्हणे, “भैया, नौकरी से ज़्यादा इसको अपने फंड की फ़िक्र है।”

संपाच्या मुळाशी तोच फंड होता. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी मंडळाने वेगळा न ठेवता खर्चून टाकला होता. तुकडे झाल्यावर तो देणार कोण? अखेर तडजोड झाली, त्यासाठी स्वतंत्र ट्रस्ट करायचं ठरलं आणि दिवे लागले. एप्रिलमध्ये जागतिक बँकेने राज्याला वित्तीय सुधारणांसाठी सुमारे पंचवीस कोटी डॉलर मंजूर केले. हॉटेलांत सेमिनार झाले. पाहुणे अर्थतज्ज्ञ ‘वेतनभार’ हा शब्द असा उच्चारत की पगार घेणारा माणूस म्हणजे जणू संसर्ग.

तो भार कमी कसा झाला, तेही पाहिलं. १९९९ पासून शाळांत शिक्षक नेमण्याऐवजी शिक्षामित्र आले, शिक्षकाच्या पगाराच्या पासंगालाही न पुरणाऱ्या मानधनावर. आपल्याकडेही त्याच सुमारास शिक्षणसेवक आलेच. १ एप्रिल २००५ पासून नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन गेली. महाराष्ट्रात ती त्याच वर्षी नोव्हेंबरात गेली. कागदावर तूट उतरत गेली. तिचा एक मोठा हिस्सा त्या वर्षी नोकरीला लागलेल्या पोरांच्या म्हातारपणात जमा झाला होता.

नंतरची वर्षं मी लांबून पाहिली. मायावतींचे दगडी हत्ती, अखिलेश यांचा एक्स्प्रेस-वे. २०१६ मध्ये ‘उदय’ योजनेत वीज कंपन्यांच्या त्रेपन्न हजार कोटींच्या आसपासच्या कर्जातला तीनचतुर्थांश भाग राज्याने अंगावर घ्यायचं कबूल केलं. म्हणजे कर्ज फिटलं नाही, वहीचं पान बदललं. जुलै २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे एक लाख सदतीस हजार शिक्षामित्रांचं कायम होणं रद्द ठरवलं. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्या स्त्री-पुरुषांनी लखनौच्या इको गार्डनमध्ये मुंडन केलं. आंदोलनासाठी सरकारने नेमून दिलेली ही जागासुद्धा मायावतींच्या स्मारकपर्वातच बांधलेली.

आणि २०१९ मध्ये तो ट्रस्ट बातम्यांत आला. संप करून मिळवलेल्या त्या फंडाचे चार हजार कोटींहून अधिक रुपये डीएचएफएल या खासगी गृहवित्त कंपनीत ठेवले होते आणि कंपनी बुडाल्याने सुमारे २,२६८ कोटी अडकले. अटका झाल्या, प्रकरण सीबीआयकडे गेलं. सरकारने कर्मचाऱ्यांना पैसे देण्याची हमी घेतली. हमी म्हणजे पुन्हा तीच तिजोरी.

शक्ती भवनासमोर खासगीकरणाविरुद्ध ओरडणाऱ्यांना ‘सुधारणांचे शत्रू’ म्हणणारे अग्रलेख मी वाचले. या लोकांनी एकदा सुधारणा मान्य केली होती, सही करून. तिचं काय झालं ते वर लिहिलं आहे.

महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची होती. ठेकेदारांची बिलं थकल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्याच असतील. पुढच्या मार्चमध्ये वित्तमंत्र्यांचं भाषण ऐकाल तेव्हा नव्या योजनांची यादी बाजूला ठेवा आणि आपल्या आमदाराला दोनच गोष्टी विचारा: सरकारने कोणाकोणाच्या कर्जाला हमी दिली आहे आणि कोणाचे पैसे अडवून ठेवले आहेत.