फ्लॅशसाठी सेल कोणते? लिथियम की रिचार्जेबल?

मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो आणि वधूवर एकमेकांना हार घालतात. हे सारे जेमतेम दहा-बारा सेकंदांत आटोपते. नेमक्या त्याच वेळी फ्लॅशवरील तयारीचा दिवा लागलेला नसेल, तर छायाचित्रकाराच्या हाती काळवंडलेले छायाचित्र येते. हार पुन्हा घालायला लावता येतात, आणि पुष्कळदा लावलेही जातात. पण पहिल्यांदा चेहऱ्यावर उमटलेले भाव दुसऱ्या खेपेस येत नाहीत. अशा प्रसंगी दोष कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो असतो फ्लॅशच्या पोटातील चार पेन्सिल सेलचा.

हे चार सेल नेमके काय करतात, ते समजून घेतले तर निवड बरीच सोपी होते. फ्लॅशची चमक थेट सेलमधून येत नाही. सेलमधील वीज आधी सुमारे ३०० व्होल्टपर्यंत चढवली जाते आणि एका कपॅसिटरमध्ये साठवली जाते. बटण दाबताच हा साठा क्षणार्धात नळीत रिकामा होतो. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या मोठ्या फ्लॅशमध्ये पूर्ण ताकदीच्या एका चमकेसाठी साधारण ७० ते ७५ ज्यूल ऊर्जा लागते. एवढी ऊर्जा अडीच सेकंदांत पुन्हा भरायची, तर सेलकडून सुमारे ३० वॅट शक्ती खेचावी लागते, म्हणजेच सहा अँपिअरहून अधिक प्रवाह. भिंतीवरचे घड्याळ वर्षभर चालवणाऱ्या सेलकडून ही एकदम वेगळ्या जातीची अपेक्षा आहे. येथे सेलमध्ये किती वीज आहे याइतकेच, ती तो किती झपाट्याने देऊ शकतो याला महत्त्व येते.

साधे अल्कलाइन सेल मागे पडतात ते इथेच. नव्याकोऱ्या अल्कलाइन सेलचा अंतर्गत रोधही ०.१५ ते ०.३ ओहमच्या घरात असतो. चार सेल एकापुढे एक जोडले की प्रवाह वाढताच सहा व्होल्टपैकी बराच दाब सेलच्या आतच खर्ची पडतो आणि सेल तापतात. निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे आपण ज्यांना सरसकट रिचार्जेबल म्हणतो त्या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेले पाहून अनेक जण ते दुबळे समजतात. मात्र त्यांचा अंतर्गत रोध अल्कलाइनच्या कितीतरी पट कमी असतो. त्यामुळे भार पडताच १.५ व्होल्टचा सेल मान टाकतो, आणि १.२ व्होल्टचा सेल आपला दाब जवळपास अखेरपर्यंत टिकवतो.

लिथियमबाबत नावाचा घोटाळा मोठा आहे. मोबाइलमधील लिथियम-आयन बॅटरी पुन्हा चार्ज होते; दुकानात मिळणारा १.५ व्होल्टचा साधा लिथियम पेन्सिल सेल मात्र लिथियम आणि आयर्न डायसल्फाइडचा असतो आणि तो एकदाच वापरायचा असतो. तो चार्जरमध्ये ठेवणे धोक्याचे आहे. तो फुटू शकतो. त्याचे गुण मात्र निर्विवाद. वजन अवघे १५ ग्रॅम, म्हणजे रिचार्जेबल सेलच्या जवळपास निम्मे. उणे ४० अंशांपर्यंत तो काम करतो, आणि न वापरता वीस वर्षे टिकतो, असे उत्पादक सांगतात.

मग फ्लॅशसाठी तोच उत्तम, असे वाटणे स्वाभाविक आहे. निकॉनने २००८ मध्ये आणलेल्या एसबी-९०० या फ्लॅशचे आकडे पाहिले की वेगळेच चित्र दिसते. पूर्ण ताकदीच्या चमकेनंतर पुन्हा सज्ज होण्यास अल्कलाइन सेलवर ४ सेकंद लागतात, लिथियमवर ४.५ सेकंद, तर २६०० एमएएचच्या रिचार्जेबल सेलवर केवळ २.३ सेकंद. एका संचात मिळणाऱ्या चमका अनुक्रमे सुमारे ११०, २३० आणि १९०. म्हणजे लिथियम दमदार खरा, पण चपळ नाही. लिथियम सेलमध्ये सुरक्षेसाठी एक घटक बसवलेला असतो. सेल तापला की तो प्रवाह आखडता घेतो. लागोपाठ चमका मारणाऱ्याला हा अडथळा वाटतो, पण त्याच्याच सुरक्षिततेसाठी तो आहे. कॅननच्या काही स्पीडलाइटच्या माहितीपुस्तिकांत तर तापण्याच्या शक्यतेमुळे लिथियम पेन्सिल सेल वापरूच नयेत, असे बजावले आहे. माहितीपुस्तिका वाचण्याची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. निदान सेलचे पान तरी वाचायला हरकत नाही.

लग्न, मुंज किंवा वार्तांकनासाठी म्हणूनच रिचार्जेबल सेलला पर्याय नाही. पैशांचा हिशेबही तेच सांगतो. एका लग्नात लिथियमचे दोन संच संपले आणि हंगामात तीस लग्ने झाली, तर २४० सेल कचऱ्यात जातील. तेच काम बारा रिचार्जेबल सेल करतील आणि पुढच्या हंगामालाही उभे राहतील.

एके काळी या सेलविरुद्ध एक तक्रार रास्त होती. पेटीत ठेवल्या ठेवल्या ते महिनाभरात बरेचसे उतरत. सान्योने २००५ मध्ये एनलूप हे सेल बाजारात आणले आणि ही अडचण दूर झाली. आता पॅनासॉनिकच्या नावाने मिळणारे हे सेल आणि त्या धर्तीचे इतर कंपन्यांचे सेल वर्षभरानंतरही बहुतांश चार्ज राखून असतात. जास्त एमएएचचा आकडा पाहून भुलण्याचे मात्र कारण नाही. अधिक क्षमतेचे सेल तुलनेने कमी वेळा चार्ज होतात. नामांकित बनावटीचे २००० एमएएचचे सेल बहुतेकांना पुरेसे आहेत.

खरी मेख आहे ती निगेत. चारही सेल एकाच वेळी घेतलेले असावेत, त्यांवर संचाचा क्रमांक लिहावा आणि ते नेहमी एकत्रच वापरावेत. चारांतील एक दुबळा निघाला, तर उरलेले तिघे त्याच्यातून प्रवाह रेटत राहतात, त्याचे ध्रुव उलटतात आणि तो कायमचा निकामी होऊ शकतो. चार्जर प्रत्येक सेल स्वतंत्रपणे तपासणारा घ्यावा. जोडीने चार्ज करणारे स्वस्त चार्जर हे सेल अकाली मरण्याचे नेहमीचे कारण असते.

लिथियम सेलची जागा बॅगेच्या तळाशी आहे. एक सीलबंद संच तिथे पडून राहावा. चार्ज करायला विसरलेल्या दिवशी तो अब्रू राखतो. लडाख किंवा स्पितीच्या हिवाळ्यात, जिथे वीज बेभरवशाची आणि पाठीवरचे ओझे ग्रॅमने मोजायचे, तिथे तर तोच मुख्य आधार ठरू शकतो. अर्थात, संबंधित फ्लॅशला तो चालत असेल तरच.

अलीकडे १.५ व्होल्टचे रिचार्जेबल लिथियम-आयन पेन्सिल सेलही मिळू लागले आहेत. त्यांच्या आतील छोटे सर्किट दाब स्थिर ठेवते, पण प्रवाहावर मर्यादा आणते. त्यामुळे ते रिमोट किंवा ट्रिगरला बरे, फ्लॅशला नव्हेत. याहून घातक गल्लत म्हणजे १४५०० क्रमांकाचा सेल. आकार तोच, पण दाब ३.७ व्होल्ट. असे चार घातले की फ्लॅश जळालाच म्हणून समजावे.

नवा फ्लॅश घेणाऱ्यांपुढे आता तिसराच मार्ग आहे. गोडॉक्स व्ही-१ सारख्या फ्लॅशमध्ये पेन्सिल सेलऐवजी लिथियम-आयन बॅटरीच येते. कंपनीच्या म्हणण्यानुसार त्यावर पूर्ण ताकदीच्या सुमारे ४८० चमका मिळतात आणि दीड सेकंदात फ्लॅश सज्ज होतो. कॅननने २०२० मध्ये जाहीर केलेला ईएल-१ तर ०.९ सेकंदाचा दावा करतो. गैरसोय एवढीच, की ऐन वरातीत ही बॅटरी संपली तर कोपऱ्यावरच्या दुकानात ती मिळत नाही. जादा बॅटरी जवळ बाळगावी लागते, आणि विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या व सेल चेक-इन सामानात न टाकता हातातील बॅगेत, त्यांची टोके झाकूनच न्यावे लागतात. निकामी सेल मात्र कोणत्याही प्रकारचे असोत, २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते घरच्या कचऱ्यापासून वेगळे ठेवून संकलन केंद्रात द्यायचे असतात.