अर्ध्या मिनिटात काय सांगाल?

तास ३५ मिनिटांचा, वर्गात ४८ मुलं. प्रत्येकाजवळ जायचं म्हटलं तर एकेकाच्या वाट्याला पाऊण मिनिटही येत नाही.

समजा, दोलकाचा प्रयोग चालला आहे. दोरा एक मीटरचा, टोकाला दगड. एका मुलीनं दगड सोडतानाच ‘एक’ म्हटलं आणि ‘वीस’ला घड्याळ थांबवलं. म्हणजे दोलनं झाली १९, वेळ आला सुमारे ३८ सेकंद. तिनं भागलं मात्र २० नं. गुरुत्वत्वरण ९.८ ऐवजी १०.९ च्या आसपास आलं. शिवाय तक्त्यात एककं नाहीत, झोका फार मोठा, आणि अक्षर तर विचारूच नका!

अशा वेळी घाईघाईनं सगळ्या चुका सांगून आपण मोकळे होतो. आम्हीही वर्षानुवर्षं तेच केलं. मुलगी मान डोलावते, आणि आपली पाठ वळली की शेजारच्या वहीत बघून ९.८ लिहून टाकते. प्रयोग तिथंच संपतो.

अर्धं मिनिटच असेल तर एकच गोष्ट सांगावी, तीही लगेच करून पाहता येईल अशी. “सोडताना ‘शून्य’ म्हण आणि पुन्हा मोज.” चाळीस सेकंदांनी फरक तिचा तिलाच दिसतो. एककं उद्या बघू.

पाच मिनिटं असतील तर मात्र सांगू नये, विचारावं. “तू ‘एक’ म्हणालीस तेव्हा किती दोलनं पुरी झाली होती?” अडली, तर ओळीत पाच खांब काढून मधल्या जागा मोजायला लावाव्यात. आणि मग गप्प बसावं. आम्हाला हेच सर्वांत जड गेलं.

वह्या घरी तपासताना वेळ असतो, पण मूल समोर नसतं. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढचं काम सुधारलं ते फक्त शेरा मिळालेल्यांचं. गुण सोबत आले की शेऱ्याचा उपयोग होईना.

म्हणून प्रयोगवहीत आम्ही आता गुण लिहीत नाही. ते वेगळ्या नोंदीत ठेवतो. वह्या परत दिल्यावर तासाची पहिली पाच मिनिटं शेऱ्याप्रमाणे पुन्हा मोजण्यासाठी. साहेब तपासणीला आलेले असले, तरीही.