पंधरा अंशांची मराठी

केडगाव हे अहिल्यानगर शहराचे पुणे रस्त्यावरचे उपनगर. इथल्या रेणुकामातेच्या देवळाकडे नवरात्रात रीघ लागते आणि त्याआधी फ्लेक्सवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाले, तेव्हापासून जुन्या पाट्यांवरचा पत्ता बदलण्याचे कामही आले. अशा पाट्यांचा एक ठरावीक नमुना आहे: इंग्रजी नाव ‘टाइम्स’च्या जाड, तिरक्या अक्षरांत आणि त्याला शोभावे म्हणून मराठीही तितकीच वाकवलेली. इंग्रजीतले ते वळण खरे असते. मराठीचे बहुधा बनावट असते, आणि ते डोळ्यांना कळते, हे इथे सांगायचे आहे.

बनावट कशी, हे कामाच्या पद्धतीतच दिसते. ऑपरेटर कोरल ड्रॉमध्ये अक्षरे टाइप करतो, त्यांना त्याच रंगाची आउटलाइन देतो, की ती जाड झाली. मग त्यांवर पुन्हा क्लिक करून वरच्या कडेचा बाण ओढतो, की ती तिरकी झाली. कंट्रोलची कळ दाबून ओढले तर कल मूळ मांडणीत पंधरा अंशांवर अडकतो. पंधरा अंश हा आकडा कोणा अक्षरकाराच्या नजरेने दिलेला नाही. कोनांच्या हिशेबाला सोयीचा म्हणून तो आला. ब्राउझरही अशीच नक्कल करतात; वेबपानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसच्या नियमांत न सांगितलेला कल चौदा अंशांचा धरला आहे. म्हणजे पाटीवर पंधरा, पडद्यावर चौदा, आणि अक्षराला कुणी विचारलेले नाही.

रोमन लिपीत इटॅलिक हे सरळ अक्षराचे वाकलेले रूप नाही. व्हेनिसचा मुद्रक आल्डुस मानुटियुस याने १५०१ मध्ये व्हर्जिलचे पुस्तक ज्या खिळ्यांत छापले, ते फ्रान्चेस्को ग्रिफोने त्या काळच्या झरझर लिहिल्या जाणाऱ्या हस्ताक्षरावरून कापले होते. मोठी अक्षरे तर त्यात सरळच होती. ठळक अक्षर फार उशिरा आले. लंडनच्या रॉबर्ट बेस्लीच्या फाउंड्रीचे ‘क्लॅरंडन’ १८४५ चे. जाड इटॅलिक सेरिफ (सेरिफ म्हणजे रेघांच्या टोकांचे छोटे पाय) ही या दोन वेगळ्या परंपरांची नंतरची सोयरीक आहे, आणि तिच्यासाठी प्रत्येक अक्षर नव्याने रेखाटावे लागते. ‘टाइम्स न्यू रोमन’च्या जाड इटॅलिकमध्ये लहान ‘ए’चा आकारच बदलतो, ‘एफ’ ओळीखाली उतरतो, सेरिफच्या जागी लेखणीचे आत-बाहेर जाणारे फटकारे येतात. त्याचा स्वभाव मोठ्याने, घाईने बोलणाऱ्या माणसाचा आहे. मिठाईच्या खोक्यावर, लग्नपत्रिकेतल्या नावावर तो शोभतो. परिच्छेदभर ऐकवत नाही.

आता पंधरा अंशांनी वाकवलेला ‘अहिल्यानगर’ पाहा. शिरोरेषा आडवीच राहते आणि तिला टांगलेले अ, वेलांटी, या, न, ग यांचे दंड एकजात कलतात. र चा उजवीकडे उतरणारा पाय मात्र उलट अधिक उभा होतो. बोरूच्या कापातून आलेल्या जाड-बारीकपणाच्या जागा सरकतात. त्यात आउटलाइनने ह ची, आणि इतर शब्दांत क्ष, ष यांची, पोटे भरतात. जुन्या खिळाजुळाऱ्यांना हा मोह परवडला नसता: डिग्री टाइपात अक्षर, वरची मात्रा आणि खालचा उकार वेगळे असत, त्यांना तिरके करून एकमेकांखाली बसवणे हेच दिव्य. ठळकपणासाठी ते सरळ काळा टाइप वापरत किंवा अवतरणचिन्हे लावत. मराठी मजकुराचे त्यावाचून काही अडले नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की पेंटर लोकही तिरके मराठी लिहीत. लिहीत, आणि त्यांतली उत्तम अक्षरे मशीनला लाजवतील अशी होती. पण पेंटरचा ब्रश प्रत्येक वळणावर जाडी दुरुस्त करत जातो. त्याला कोन नाही, नजर असते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: मोडी तर धावती लिपी, मग देवनागरीला कल परका कसा? परका नाहीच. पण मोडीने वेग साधला तो हात कमी उचलावा म्हणून अक्षरांचे आकार बदलून. ग्रिफोनेही तेच केले होते. मराठीला खरे इटॅलिक हवेच असेल तर ते मोडीच्या वळणांतून शोधता येईल, आणि ते अक्षरकाराचे काम आहे. तिसरा आक्षेप व्यवहाराचा: वाचता येते ना, मग झाले. पाच फुटी नाव येतेही वाचता. त्याच पाटीवरचा फोन, पत्ता आणि सवलतीच्या अटी तिरक्या करून रस्त्यापलीकडून वाचून पाहाव्यात.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून दुकानांच्या पाटीवर मराठी अक्षर इतर लिपींहून लहान नसावे असे ठरवले. त्याने आकार सांभाळला गेला, घाट नाही. आणि घाटाला सरकारी नियम करावा असेही नाही. ते अक्षरांचे नव्हे, अधिकाऱ्यांचे राज्य होईल. मागणी गिऱ्हाइकाने करायची आहे. पाटी देताना एवढेच सांगावे: इंग्रजी हवी तशी ठेव, मराठी सरळ ठेव, आणि आउटलाइनऐवजी फॉण्टचा स्वतःचा बोल्ड वापर. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो; सरळ अक्षरांचे जादा पैसे पडत नाहीत.