एका बेडकाची तीन नावं

सह्याद्रीतल्या बेडकांवर टिपणं काढताना माझ्या कार्डांच्या खोक्यात एक चूक शिरली. ‘नेक्टोफ्रायनी गार्डिनरी’, ‘सूग्लॉसस गार्डिनरी’ आणि ‘सेशेलोफ्रायनी गार्डिनरी’ अशी तीन कार्डं मी तीन वेगळ्या बेडकांची समजून लावून ठेवली होती. पुढे लक्षात आलं की तिन्ही कार्डांवरचा प्राणी एकच आहे. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरचा, पूर्ण वाढ झाल्यावरही जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा, नखावर मावेल एवढा बेडूक. चूक माझी होतीच, पण या बेडकापुढे माझ्याहून फार मोठी माणसंही चकली आहेत.

नावांची पद्धत थोडक्यात सांगतो. शास्त्रीय नाव दोन शब्दांचं, पहिला प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. (वर्तमानपत्रं ‘प्रजाती’ हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात. मी जुन्या परिभाषेप्रमाणे तो वरच्या गटासाठी वापरतो आहे. नावांच्या गोंधळावर लिहिताना आपल्याच भाषेतला गोंधळ आधी मिटवलेला बरा.) जातीचं नाव सहसा टिकतं, प्रजातीचं मात्र अभ्यास पुढे जाईल तसं बदलू शकतं. लग्नानंतर आडनाव बदलावं, तसं. बदल झाल्याची खूण म्हणून मूळ नामकरण करणाऱ्याचं नाव कंसात जातं. गार्डिनरच्या बेडकापुढे आज ‘(बुलांजे, १९११)’ असं लिहितात. त्या दोन कंसांकडे मी नीट पाहिलं असतं, तर कार्डं चुकली नसती.

जॉर्ज आल्बेर बुलांजे मूळचे बेल्जियमचे, नोकरीला लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. ब्रिटिश इंडियातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवर आणि उभयचरांवर १८९० साली निघालेला ग्रंथ त्यांचाच; आपल्याकडचा बेडकांचा अभ्यास बराच काळ त्या ग्रंथावर उभा होता. केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ जॉन स्टॅन्ली गार्डिनर यांनी पर्सी स्लेडन न्यासाच्या मोहिमेतून सेशेल्सचा जीवसंग्रह आणला. त्या काळाच्या रीतीप्रमाणे वर्गीकरण होई ते बाटलीतल्या, रंग उडालेल्या नमुन्यांवरून. बुलांजे यांनी हा चिमुकला बेडूक ‘नेक्टोफ्रायनी’त घातला. ही प्रजाती भेकांच्या कुलातली, आणि ग्रीकमध्ये शब्दाचा अर्थ साधारण ‘पोहणारा भेक’. प्रत्यक्षात हा प्राणी भेकही नाही आणि पोहणाराही नाही. त्याची अंडी जंगलातल्या ओल्या पाचोळ्यात असतात आणि त्यांतून भैरीऐवजी थेट इवलेसे बेडूकच बाहेर पडतात. पाण्यात पोहण्याची अवस्था त्याच्या आयुष्यात येतच नाही.

बुलांजेंना हसण्याचं मात्र कारण नाही. शरीर एवढं लहान झालं की काही अवयव आखडतात, काही नाहीसेच होतात, आणि दूरदूरच्या कुलांतले चिमुकले बेडूक एकमेकांसारखे दिसू लागतात. या बेडकाला कानाचा पडदा नाही, मध्यकर्णही नाही. तो बहिरा असावा असंच कुणालाही वाटेल, पण तो ओरडतो आणि दुसऱ्याच्या ओरडण्याला उत्तरही देतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवलं गेलं, की त्याच्या तोंडाची पोकळी आवाजाने घुमते आणि ती कंपनं आतल्या कानापर्यंत जातात. म्हणजे हा बेडूक तोंडाने ऐकतो!

याच्या भाऊबंदांची कथाही अशीच. १८९६ साली ब्योट्गर यांनी सेशेल्सच्या एका बेडकाला ‘आर्थ्रोलेप्टिस’ या आफ्रिकी प्रजातीत बसवलं. त्याची मादी आपली पिल्लं पाठीवर वागवते. दहा वर्षांनी बुलांजे यांनी त्याच्यासाठी ‘सूग्लॉसस’ ही नवी प्रजाती केली. १९०९ साली त्यांनीच त्याहून मोठ्या एका बेडकाला ‘नेसोमँटिस’ म्हटलं. तो आज ‘सूग्लॉसस’मध्येच गणला जातो. मधल्या काळात या सगळ्या गटाला कुणी युरोप-आशियातल्या बेडकांशी जोडलं, कुणी आपल्या नेहमीच्या बेडकांच्या कुलाशी, तर कुणी थेट ऑस्ट्रेलियाशी. अखेर २००७ साली नसबॉम आणि वू यांनी गार्डिनरच्या बेडकाला व सिलुएट बेटावरच्या त्याच्या एका नातलगाला ‘सूग्लॉसस’मधून वेगळं काढून ‘सेशेलोफ्रायनी’ हे घर दिलं. त्यातल्या ‘फ्रायनी’चा अर्थ पुन्हा भेकच.

स्पेलिंगचाही घोळ आहे. पाठीवर पिल्लं वागवणारा तो ‘सेशेलेन्सिस’ लिहिताना ‘वाय’ हे रोमन अक्षर येत नाही, पण त्याच बेटांवरच्या वृक्षबेडकाच्या नावात ते येतं. दोन्ही बरोबर. बेटांना नाव मिळालं ते पंधराव्या लुईचे अर्थमंत्री मोरो द सेशेल यांच्यावरून, आणि त्यांच्या नावात ‘वाय’ नव्हता. तो इंग्रजी लेखनात आला. प्राणिनामांच्या नियमांनुसार मूळ नामकर्त्याचं स्पेलिंग राखावं लागतं, म्हणून एकाच बेटसमूहाची दोन रूपं शास्त्रात कायमची राहिली. (या बेडकांचं मुख्य बेट ‘माहे’ आणि आपल्या मलबार किनाऱ्यावरचं ‘माहे’ हीसुद्धा दोन वेगळी ठिकाणं, हे जाता जाता.)

बुलांजेंच्या पिढीकडे खंड सरकतात ही कल्पनाच नव्हती. वेगेनर यांनी ती मांडली १९१२ साली. आज आपल्याला माहीत आहे, की माहेचं ग्रॅनाइट म्हणजे एका जुन्या खंडाचा तुटलेला तुकडा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर दख्खनचा लाव्हा पसरत होता, आणि त्याच उलथापालथीच्या आगेमागे सेशेल्स भारतापासून सुटलं. ज्या कातळावर आपले किल्ले आहेत, त्या कातळाच्या जन्माशी या बेटांची ताटातूट जोडलेली आहे.

आणि मग २००३ साली केरळातल्या इडुक्कीहून ‘नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस’ पुढे आला. बिजू आणि बोसाइट यांनी संस्कृत ‘नासिका’ आणि ग्रीक बेडूक यांचा समास करून त्याला नाव दिलं. जांभळा, फुगीर, टोकदार नाकाचा हा बेडूक वर्षभर जमिनीखाली राहतो आणि पावसाच्या तोंडावर थोडे दिवसच वर येतो. केरळात त्याला महाबलीचा बेडूक म्हणतात. बलिप्रतिपदेला बळीची आठवण काढणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. जनुकांनी दाखवलं, की याचे जगातले सर्वांत जवळचे नातेवाईक म्हणजे सेशेल्सचे ते चिमुकले बेडूक. काहींनी त्याला त्यांच्याच कुलात घातलं. आता बहुधा त्याचं कुल वेगळं मानतात. बेट तुटलं आणि भावंडं दुरावली, ही गोष्ट ऐकायला गोड असली तरी खरी नाही. या दोन शाखांची फारकत भूमी एकत्र असतानाच, कितीतरी आधी झाली होती.

हा खटाटोप निव्वळ लेबलांचा असता, तर मी एवढा वेळ घातला नसता. पण धोक्यातल्या जिवांच्या याद्या नावांवर चालतात. सेशेल्सच्या या कुलातल्या चारही जाती संकटग्रस्त किंवा अतिसंकटग्रस्त मानल्या आहेत. सूग्लॉससची एक वस्ती प्रालँ बेटावर आहे हे तर २००९ साली समजलं. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांत बेटागणिक हे बेडूक एकमेकांपासून बरेच दुरावलेले आढळतात, दिसायला जवळजवळ सारखे असले तरी. गार्डिनरचा बेडूक माहेवर आहे आणि सिलुएटवरही आहे. दोघांचं नाव एक, तोवर एका बेटावरचा संपला तरी यादीत जात शिल्लकच दिसेल.

माझी तीन कार्डं मी एक केली. मग त्या एका कार्डावर मधोमध पेन्सिलीने रेघ ओढली आणि एका बाजूला ‘माहे’ लिहिलं, दुसऱ्या बाजूला ‘सिलुएट’.