घाट उतरण्याआधी

खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरणारा ट्रक सुमारे ५०० मीटर खाली येतो. तीन ॲक्सलच्या ट्रकला २०१८ पासून मालासकट २८.५ टनांपर्यंत परवानगी आहे. एवढं वजन एवढं खाली येताना साधारण १४ कोटी जूल ऊर्जा मोकळी होते. ती चारशेहून जास्त लिटर पाणी उकळीला आणू शकेल. त्यातली काही ऊर्जा वारा आणि टायर खातात, गाडी गिअरमध्ये असेल तर काही इंजिन अडवतं. उरलेली सगळी ब्रेकच्या लायनर आणि ड्रमच्या घर्षणातून उष्णता होऊन बाहेर पडते.

पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर ट्रक अनावर होण्याचे अपघात वर्षानुवर्षं घडत आले आहेत. अशा अपघातानंतर सर्वसाधारण समज असा असतो की पाइप फुटला, हवा गेली आणि ट्रक सुटला. पण एअर ब्रेकच्या गाडीत मागच्या चाकांवर स्प्रिंग ब्रेक असतो. हवेच्या दाबाने त्याची स्प्रिंग आवळून धरलेली असते. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि चाकं आवळते. म्हणजे हवा संपली तर गाडी जागीच अडायला हवी. मग ती का सुटते?

उत्तर ड्रमच्या उष्णतेत आहे. पायडल दाबलं की बूस्टरमधली, म्हणजे चाकाजवळच्या हवेच्या डब्यातली, दांडी बाहेर येते, स्लॅक ॲडजस्टर फिरवते, त्याला जोडलेला इंग्रजी एस अक्षरासारखा कॅम फिरतो आणि लायनर लावलेले दोन्ही शू ड्रमला भिडतात. ड्रम बिडाचा असतो. ४०० मिलिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे १.३ मिलिमीटरने वाढतो आणि तो शूपासून दूर जातो. ही फट भरून काढायला दांडीला सुमारे सेंटीमीटरभर जास्त बाहेर यावं लागतं. तीस नंबरच्या बूस्टरची दांडी सगळी मिळून अडीच इंच बाहेर येते आणि दोन इंचांच्या पुढे ब्रेक ॲडजस्टमेंटबाहेर गेला असं मानतात. थंड असतानाच दांडी दोन इंच येत असेल, तर घाटात ती टोकाला जाऊन टेकते. हवा पूर्ण असते, पायडल दाबलेलं असतं, तरी शूपर्यंत जोर पोचत नाही. स्प्रिंग ब्रेकही तीच दांडी ढकलतो, त्यामुळे तोही वाचवत नाही. सपाट रस्त्यावर हलक्या ब्रेकने गाडी नीट थांबत असल्यामुळे ड्रायव्हरला आधी काहीच जाणवलेलं नसतं.

म्हणून दांडी मोजणं ही माझ्या मते देखभालीतली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि सर्वांत कमी केली जाणारीही. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, हवा पूर्ण भरायची, इंजिन बंद करून हँडब्रेक सोडायचा, दांडीवर खडूने खूण करायची आणि दुसऱ्याला पायडल पूर्ण दाबायला लावून खूण किती सरकली ते पाहायचं. ऑटो स्लॅक (आपोआप जुळणारा स्लॅक ॲडजस्टर) असेल तर तो पुन्हापुन्हा हाताने आवळू नये. तो हद्दीबाहेर जात असेल, तर कॅमचे बुश झिजलेत किंवा स्लॅकच गेलाय. आवळल्याने दोष झाकला जातो. स्प्रिंग ब्रेकचा बूस्टर मात्र गॅरेजमध्ये कोणीही खोलू नये. आत दाबलेली स्प्रिंग उसळली तर माणूस जिवानिशी जातो.

लायनर घेताना भावाच्या आधी त्याच्या कडेवर छापलेली दोन अक्षरं पाहावीत. पहिलं सामान्य तापमानावरच्या पकडीचं असतं, दुसरं तापल्यावरच्या. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५ घर्षणांक, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ त्याच्याही वर. घाटात जाणाऱ्या गाडीसाठी दुसरं अक्षर जास्त मोलाचं आहे. पण फक्त वरचं अक्षर शोधू नये. गाडीच्या कंपनीने सांगितलेली जातच घ्यावी. आणि एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांना एकच जात, एकाच वेळी बसवावी. एका बाजूला जुनं आणि दुसऱ्या बाजूला नवं लायनर बसवलं, तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

स्वस्तात रिबिट मारून मिळालेल्या शूबद्दल सावध राहावं. तापून तापून शूची गोलाई उघडते, मग नवं लायनर ड्रमला पूर्ण टेकत नाही. कोकणच्या दमट हवेत शू आणि लायनरच्या मधे गंज वाढतो आणि लायनरला उचलून चिरा पाडतो. सील गळून ऑइल लागलेलं लायनर पेट्रोलने पुसून वापरू नये, ऑइल आत मुरलेलं असतं. शू बदलताना स्प्रिंगा, रोलर, बुशही बदलावेत. त्यांचा खर्च थोडा आहे.

ड्रमवर त्याचा कमाल व्यास ओतलेला किंवा कोरलेला असतो. लेथवर चढवून तो त्या हद्दीजवळ नेला, की ड्रम गुळगुळीत दिसतो, पण धातू कमी झाल्यामुळे लवकर तापतो. आतल्या केसासारख्या बारीक रेघा उष्णतेने पडतातच. भेग बाहेरपर्यंत गेली असेल तर मात्र ड्रम भंगारातच जायला हवा. लायनरची धूळ हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात कायमचं बसतं. ओल्या फडक्याने पुसावं, तोंडावर मास्क लावावा.

हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढायला हवं. उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्यांना एवढंच सांगतो की, तसं करणारा माणूस इंजिनचा ब्रेक फुकट घालवतो आणि सगळा भार तापत्या ड्रमवर टाकतो. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये उतरावं.

आणि नवी लायनर बसवल्याच्या दिवशीच भरलेली गाडी घाटात घालू नये. शू आणि ड्रम एकमेकांना पूर्ण टेकायला काही थांबे लागतात. ते सपाट रस्त्यावर, मध्यम वेगात, मधे गार व्हायला वेळ देऊन घ्यावेत, आणि मग पुन्हा एकदा खडूची खूण करून दांडी मोजावी.