कडबा, कोठीपोट आणि संशोधनाचा हिशेब

महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात जनावरांचे वर्ष कडब्यावर निघते. पावसाळ्यात बांधावरचे गवत, पुढे ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड, आणि साखर कारखान्याच्या परिसरात उसाचे वाढे, अशी ही वैरण असते. पेंड परवडली तर ती दुभत्या जनावरापुरती. दुग्धव्यवसायाची चर्चा निघाली की संकर, कृत्रिम रेतन आणि शीतकरण केंद्रे यांचा उल्लेख आवर्जून होतो. परंतु गाय दूध देते ते अखेर तिच्यापुढे पडलेल्या वैरणीतून. ही निकस वैरण अधिक पोषक कशी करावी, या प्रश्नावर गेल्या शंभर वर्षांत जगभर विपुल प्रयोग झाले. त्यांतील अनेक शास्त्रदृष्ट्या यशस्वी ठरले आणि तरीही गोठ्यापर्यंत पोचले नाहीत. असे का व्हावे, याचा विचार पशुसंवर्धनाचे धोरण आखणाऱ्यांनी केला पाहिजे.

या संशोधनाचा पाया भक्कम आहे, याविषयी शंका नको. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यांतील पहिले कोठीपोट ही एक अखंड चालणारी आंबवणीची टाकीच होय. मोठ्या गाईच्या कोठीपोटाची क्षमता शंभर लिटरहून अधिक असते आणि त्यातील द्रवाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये अब्जावधी जिवाणू नांदत असतात. चाऱ्यातील तंतू गाय स्वतः पचवू शकत नाही. ते काम हे जिवाणू करतात. त्यांच्या या उद्योगातून जी आम्ले निर्माण होतात, ती गाईचे मुख्य इंधन ठरतात. त्यांतील ॲसेटिक आम्लापासून दुधातील स्निग्धांश घडतो. एवढे करून हेच जिवाणू पुढच्या कप्प्यांत वाहत जातात, तेथे पचतात आणि गाईला प्रथिने पुरवतात. म्हणजे गाईला पोसावयाचे तर आधी तिच्या पोटातील या सूक्ष्म संसाराला पोसले पाहिजे.

या तत्त्वाची कसोटी फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी व्हिर्तानेन यांनी पाहिली. हिरवा चारा टिकवण्याच्या पद्धतीसह कृषिरसायनशास्त्रातील कार्याबद्दल त्यांना १९४५ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. १९६० च्या दशकात त्यांनी काही गाईंच्या आहारातून प्रथिने जवळजवळ पूर्णपणे वगळली; शुद्ध पिष्ट, सेल्युलोज आणि साखर यांच्या जोडीला नत्र दिले ते केवळ युरिया आणि अमोनियम क्षारांच्या रूपाने. त्या गाई जगल्या, व्यायल्या आणि त्यांतील काहींचे वार्षिक दूध चार हजार किलोंच्या घरात गेले. स्वस्त नत्रापासून प्रथिने निर्माण करण्याची जिवाणूंची शक्ती त्यामुळे निर्विवाद सिद्ध झाली.

कडब्याची अडचण मात्र दुहेरी आहे. त्यात नत्र अत्यल्प असते आणि त्याचे तंतू लिग्निन या कठीण द्रव्याने जखडलेले असतात. पहिल्या महायुद्धात नाकेबंदीमुळे चाराटंचाई भोगलेल्या जर्मनीत बेकमन यांनी काड दाहक सोड्यात भिजवून हे बंधन सैल करण्याची पद्धत काढली. १९७० नंतर दक्षिण आशियात तिचा सौम्य अवतार आला. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात विरघळवून शिंपडावयाचा, थर दाबून झाकून ठेवावयाचे आणि तीन-चार आठवड्यांनी ते जनावरांना घालावयाचे. युरियातून सुटणारा अमोनिया तंतू सैल करतो आणि नत्रही वाढवतो. जनावर असा पेंढा अधिक खाते आणि तो अधिक पचवते. विद्यापीठे, शासकीय खाती आणि स्वयंसेवी संस्था या सर्वांनी या पद्धतीचा हिरिरीने प्रचार केला.

हिशेब कोठे चुकला?

आज मराठवाड्यात किंवा माणदेशात किती गोठ्यांत युरियाने प्रक्रिया केलेला कडबा दिसतो? प्रात्यक्षिकाचा दिवस संपला की पद्धतही बहुधा मागे पडली. याचा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर टाकणे सोपे आहे. पण ते खरे नाही. कडबा पसरणे, पाणी वाहणे, शिंपणे आणि दाबणे ही कामे घरातील बाईच्या वाट्याला येतात आणि तिचा दिवस आधीच भरलेला असतो. युरिया रोखीने घ्यावा लागतो, आणि तो हाती असताना पिकाला घालावा की पेंढ्याला, हा प्रश्न उरतोच. प्रमाण चुकले तर अमोनियाने जनावर दगावते. एकच म्हैस असलेल्या कुटुंबाला हा धोका पत्करता येत नाही. सर्वांत मोठा विरोधाभास दुष्काळाचा. निकस चाऱ्याला पोषक करण्याची खरी निकड ज्या वर्षी असते, त्याच वर्षी पिण्याचे पाणी टँकरने येते. २०१३ किंवा २०१९ साली चारा छावणीत उसावर जनावरे जगवणाऱ्या माणसाला प्रत्येक शंभर किलो काडासाठी पन्नास लिटर पाणी कोणी सांगावे?

भारतीय कृषी अनुसंधान परिषद आणि नेदरलँड्समधील वाखेनिंगेन कृषी विद्यापीठ यांनी १९८० च्या दशकात पिकांच्या अवशेषांवर जो संयुक्त प्रकल्प राबवला, त्याचा निष्कर्षही हाच होता. पेंढा मुबलक, हिरवा चारा दुर्मीळ, पाणी व मजुरी स्वस्त आणि दुधाला भाव चांगला, अशा मोजक्या परिस्थितीतच ही प्रक्रिया परवडते. प्रयोगशाळेने गाईची पचनशक्ती अचूक मोजली; घराची शक्ती मोजावयाची राहून गेली.

दोन उलट उदाहरणे

याच क्षेत्रातील एक यश या संदर्भात आठवते. त्या काळी मुंबई राज्यात असलेल्या आणंद येथे हिवाळ्यात म्हशीचे दूध वाढे आणि मुंबईच्या बाजाराला ते झेपत नसे. जादा दूध टिकवण्याचा मार्ग भुकटीचा. पण म्हशीच्या स्निग्ध दुधाची भुकटी होऊ शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. एच. एम. दलाया यांनी ती फवारणी पद्धतीने करून दाखवली आणि १९५५ च्या ३१ ऑक्टोबरला आणंदच्या कारखान्याचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. या यशात बुद्धीइतकाच जागेचाही वाटा होता. प्रश्न उत्पादकांच्या संघाचा होता, संशोधक त्या संघाच्याच नोकरीत होता आणि उत्तर सापडताच ते वापरणारा कारखाना तयार होता. उत्पादकाच्या घरातील कामात मात्र त्यामुळे काडीचीही भर पडली नाही.

दुसरे उदाहरण ज्वारीचे. १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. दाणा वाढला, ताट मात्र बुटके झाले. रब्बी पट्ट्यातील शेतकरी मोहोळ येथे निवडलेल्या मालदांडीला चिकटून राहिला, कारण त्याला भाकरीबरोबर कडबाही हवा होता. हा हट्ट नव्हता, हिशेब होता. पुढे हैदराबादच्या कडबा बाजारात संशोधकांनी निरनिराळ्या वाणांच्या कडब्याचे नमुने तपासले, तेव्हा पचनीयतेत पाच टक्क्यांच्या आसपास फरक असला तरी भावात सुमारे चतुर्थांशाचा फरक पडतो, असे आढळले. ग्राहकांची नजर प्रयोगशाळेच्या निष्कर्षाशी जुळली होती! त्यानंतर दाण्याबरोबर कडब्याची प्रतही पाहून वाण निवडण्याच्या विचाराला बळ मिळाले. जे पोषण युरिया आणि पाणी घालून अंगणात निर्माण करावे लागत होते, त्यातील काही बियाण्यातूनच आले, तर बाईला एकही हंडा जास्त वाहावा लागणार नाही.

मूलभूत संशोधन थांबवावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. कोठीपोटाचे ज्ञान नसते तर कडब्याची प्रत कशाने मोजली असती? परंतु उपयोजित प्रयोगाची कसोटी किलोभर वाढलेल्या दुधावर संपता कामा नये. त्या किलोसाठी किती तास, किती पाणी आणि किती रोकड लागली आणि ती कोणाची, हे आकडेही शोधनिबंधाच्या त्याच तक्त्यात असले पाहिजेत. कृषी विद्यापीठांनी नवे वाण प्रसारित करताना दाण्याच्या उताऱ्याबरोबर कडब्याची पचनीयता तपासणे बंधनकारक करावे. पशुविज्ञान विद्यापीठाने आहाराचे प्रयोग एक-दोन जनावरे बाळगणाऱ्यांच्या गोठ्यात, त्यांच्या संमतीने आणि नुकसानीची हमी देऊन करावेत. प्रयोगात धोका असतोच. तो सोसण्याची ऐपत संस्थेची आहे, एका म्हशीच्या मालकाची नव्हे.