‘अनेबल’, ‘इन्केपेबल’ आणि ‘इन्कॉम्पिटंट’ : एक अर्थविचार

सामर्थ्याचा अभाव सांगणाऱ्या या तीनही इंग्रजी शब्दांसाठी आपल्याकडे पुष्कळदा ‘असमर्थ’ हा एकच प्रतिशब्द योजला जातो. ललित लेखनात ही ढिलाई खपून जाते. दस्तऐवजात खपत नाही. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. सहीऐवजी अंगठा उठविणाऱ्या खातेदाराला यांपैकी कोणता शब्द लागू पडतो, हे पाहिल्यास भेद स्पष्ट होईल.

त्याला लिहिता येत नाही, म्हणून सही करण्यापुरता तो ‘अनेबल’ होय. हा शब्द एका कृतीपुरता व प्रसंगापुरता असतो; हात दुखावलेला पदवीधरही त्या दिवशी ‘अनेबल’च. ‘इन्केपेबल’ मात्र स्वभावालाच हात घालतो. एखादा गृहस्थ चोरी करण्यास ‘इन्केपेबल’ आहे असे म्हटले, तर ती स्तुती होते. ‘अनेबल’ म्हटले, तर कुलूप भक्कम होते एवढाच बोध होतो!

खरी अडचण ‘इन्कॉम्पिटंट’ची. बोलण्यात तो ठपका आहे. कायद्यात ठपका नाहीच. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे ११ वे कलम सज्ञान, शुद्ध मनाच्या आणि कोणत्याही कायद्याने अपात्र न ठरलेल्या व्यक्तीस करारक्षम मानते. सतरा वर्षांचा हुशार मुलगा या अर्थी ‘इन्कॉम्पिटंट’. अज्ञानाचा करार मुळातच शून्य, असे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहोरी बीबी खटल्यात ठरविले. निरक्षरतेचा मात्र त्या कलमात उल्लेख नाही. शुद्ध मन म्हणजे काय, हे सांगणारे १२ वे कलम एवढेच विचारते, की कराराचा अर्थ व आपल्या हितावरील त्याचा परिणाम त्या व्यक्तीस उमगतो काय. अंगठा उठविणाऱ्यास तो पुरता उमगू शकतो.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमानुसार आदिवासीची जमीन पूर्वमंजुरीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. यावरून तो खातेदार ‘इन्कॉम्पिटंट’ आहे असे समजणे चूक होय. बंधन जमिनीच्या हस्तांतरणावर आहे. त्याच्या समजेवर ते भाष्य नव्हे. बियाण्याचा वा बैलजोडीचा व्यवहार तो करतोच.

‘अनेबल’साठी संस्कृत विशेषण शोधण्यापेक्षा आपली क्रियापदे अधिक कामाची. शिकलो नाही तर ‘येत नाही’, शरीर साथ देत नाही तर ‘करवत नाही’, सवड नाही तर ‘जमत नाही’. इतका सूक्ष्म भेद इंग्रजी शब्दातही नाही. कायद्यातील ‘इन्कॉम्पिटंट’ला ‘करारक्षम नसलेला’ असे लांबट का होईना, पण नेमके म्हणावे. आणि अंगठ्याखाली ‘असमर्थ’ न लिहिता ‘लिहिता येत नाही, मजकूर वाचून दाखविला, समजला’ असे लिहावे.